तळकप्प्यातल्या माश्या

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी चिलटांवर पीएच.डी. करत होते. घरी ही गोष्ट चारचौघांत सांगायची सोय नव्हती. आई पाहुण्यांना "ती जीवशास्त्रात काहीतरी करते" एवढंच सांगून चहा ठेवायला आत जायची. एकदा मला बघायला आलेल्या मुलाच्या वडिलांनी फारच खोदून विचारलं, तेव्हा मी खरं काय ते सांगून टाकलं. पिकलेल्या केळ्यांवर जी बारीक, तांबड्या डोळ्यांची चिलटं घोंगावतात, ती कोषातून किती वाजता बाहेर येतात ते मी मोजते. ते गृहस्थ थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, बहुधा पुढे आणखी काही असेल असं वाटून. पुढे काही नव्हतं. ते स्थळ तिथेच संपलं.

मला मात्र त्या मोजण्यात खरोखर गोडी होती. चिलटाची अळी कोषात गेली की आतल्या आत जवळजवळ सगळी विरघळते आणि नव्यानं घडते. तिला पंख येतात, पाय फुटतात, डोळे येतात. एवढं सगळं आवरून झालं तरी ती वाटेल तेव्हा बाहेर पडत नाही. पहाटेपर्यंत थांबते. पहाटे हवेत ओल असते, त्या ओलीत पंख नीट उलगडतात. आणि कोष कडेकोट अंधारात ठेवले तरी तिला पहाट कळते, म्हणजे तिचं घड्याळ तिच्या अंगातच असतं आणि ते तिला आईबापांकडून मिळालेलं असतं. ज्यांचं हे घड्याळ बिघडलेलं आहे अशा माश्या, म्हणजे हीच चिलटं, परदेशात सापडल्या होत्या. हा बिघाड नेमका कुठल्या जनुकात आहे ते हुडकून तो जनुक वेगळा काढायची तिकडे धावपळ चालली होती. इकडे आम्ही मोजत होतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझे मार्गदर्शक. त्यांना मी सर म्हणत असे. सर पंचावन्नच्या पुढचे, सरळ, बोलायला मऊ आणि वहीच्या बाबतीत कर्दनकाळ. एखादा आकडा खोडून वर दुसरा लिहिलेला दिसला की ते अख्खं पान रद्द करायचे. मागच्या एका विद्यार्थ्याचं वर्षभराचं काम त्यांनी असंच रद्द केलं होतं, कारण त्यानं एकदा बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या होत्या आणि कबूल करायला आठवडा लावला होता. तो पुढे बँकेत लागला. ही गोष्ट सर अभिमानानं सांगत आणि मी भीतीनं ऐकत असे.

सरांच्या मनात एक सल होता. उभी हयात त्यांनी परदेशातून पोस्टानं आलेल्या माश्यांवर काम केलं. कापसाचा बोळा लावलेल्या नळीत, हिरवा कस्टमचा कागद चिकटवून माश्या यायच्या. त्यांचं घड्याळ तिकडच्यांनी शोधलेलं, बिघाडाला नाव तिकडच्यांनी ठेवलेलं, प्रश्नसुद्धा तिकडचेच. निवृत्तीआधी एक तरी माशी इथली, आपल्या मातीतली, आपण नाव ठेवलेली हवी आणि ती आपण तिकडे पोस्टानं पाठवावी, एवढीच त्यांची इच्छा होती. माझा प्रबंध या इच्छेवर उभा होता. वेगळ्या घड्याळाची देशी माशी सापडली तर मी डॉक्टर, नाही सापडली तर मला पाचवं वर्ष मिळणार नव्हतं.

त्या वर्षी आमच्या संस्थेत नवीन इमारत उठत होती. दिवसभर सिमेंटची धूळ आणि दणके. माश्यांना हादरे सोसत नाहीत. सरांनी कोणाच्या तरी ओळखीनं पौड रस्त्यावर, कासार आंबोलीत, एका शेतकऱ्याच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली. पूर्वी तिथे भाताची पोती ठेवत. आम्ही तिथे एक लाकडी कपाट नेऊन उभं केलं. आतून काळा रंग, दाराला फेल्टच्या पट्ट्या, तळाशी तापणारी तार आणि पंचवीस अंशांवर ती बंद करणारी एक कळ. कपाटाला दोन कप्पे. वरच्या कप्प्यात पोस्टानं आलेल्या माश्यांचे कोष, तुलनेसाठी. त्या हरवल्या तर पुन्हा मागवायला तीन महिने लागत, म्हणून त्यांच्यापुढे मी दुपदरी काळ्या कापडाचा पडदा शिवून लावला होता. तळकप्प्यात देशी. त्या दणकट, त्यांना कशाला पडदा, असा माझा विचार. परदेशी पाहुण्यांना पडद्याआडचा वरचा मजला आणि घरच्यांना तळघर देताना मला काहीच वाटलं नाही, कारण आपल्याकडे ते सवयीनंच होतं.

देशी माश्या मिळवायला मी पौडच्या बाजारात गेले. तिथे एक फळवाले होते, पिढ्यानपिढ्या तिथलेच, सगळे त्यांना चाचा म्हणत. मी अगदी नम्रपणे विचारलं की तुमच्या केळ्यांवरची थोडी चिलटं मला धरता येतील का. चाचांनी तराजू खाली ठेवला. "माझ्या दुकानात चिलाट न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या डोक्याभोवती दहा-बारा फिरत होती. मी समजावलं की चिलटं असणं चांगलंच, फळ खऱ्या अर्थानं पिकलंय याची ती खूण. त्यावर त्यांनी शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून मोठ्यानं सांगितलं की या बाई पुण्याहून आल्यात आणि माझ्या फळांना सडकं म्हणतायत. दोन फेऱ्या फुकट गेल्या. तिसऱ्या वेळी मी काहीच न बोलता दोन डझन केळी घेतली आणि विचारलं की मागच्या अंगणात तुम्ही काय टाकता. मागच्या अंगणात त्यांनी मला बाटली घेऊन तासभर बसू दिलं. पुढे त्यांना त्या प्रकाराचा अभिमानच वाटायला लागला. मी कधीही दिसले की विचारत, "आमची चिलटं काय म्हणत्यात? अभ्यास करत्यात का न्हाई?"

खोलीच्या मालकिणीला मी काकी म्हणत असे. तिशी-पस्तिशीची, अंगानं काटक, बोलायला कमी आणि सांगितलेलं काम तंतोतंत करणारी. घरात तिचा नवरा आणि सासू. सासूबाई ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचा हिशेब ठेवत आणि माश्या पाळणारी माणसं घरात घेतल्याबद्दल रोज एकदा तरी सुनेला ऐकवत. आमचा आठवडा ठरलेला होता. खिडकीशी ठेवलेल्या बाटल्यांत अळ्या वाढायच्या, दिवस-रात्र बघायच्या. रविवारी संध्याकाळी कोष झालेल्या बाटल्या मी कपाटात ठेवायची आणि पुण्याला जायची. गुरुवारी संध्याकाळी परत. शुक्रवार ते रविवार माश्या बाहेर यायच्या आणि त्या मी लाल दिव्यात मोजायची, कारण लाल उजेड माशीला दिसत नाही.

मधल्या दिवसांत वीज जायची, आणि गेली की कपाट थंड पडायचं. म्हणून किल्ली काकीकडे होती. सरांनी तिला स्वतः शिकवलं. लाईट गेली तर खोलीत यायचं, दार आतून लावून घ्यायचं, लाल कागद लावलेली बॅटरी पेटवायची आणि गरम पाण्याची रबरी पिशवी तळाशी ठेवायची. सरांनी तिच्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं. ती एकदाही चुकली नाही. सर मला म्हणाले की एम.एस्सी.च्या मुलांपेक्षा ही बाई बरी. मी एम.एस्सी. होते, पण मान डोलावली.

आणि दिवाळीनंतर महिन्याभरात आम्हाला ती माशी सापडली.

वरच्या कप्प्यातल्या परदेशी माश्या शिस्तीत पहाटेच्या सुमारास बाहेर येत होत्या. तळकप्प्यातल्या पौडच्या माश्या मात्र पहाटे ढिम्म हलत नव्हत्या. सकाळ गेली, जेवणं झाली, आणि दुपारी तीनच्या आसपास त्या एकदम लोंढ्यानं बाहेर पडल्या. मला वाटलं माझंच काही चुकलं. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. मी सरांना आलेख दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी लगेच नाव ठेवलं. परदेशी पद्धतीप्रमाणे माशीचं नाव तिच्या दोषावरून ठेवतात. सरांना दोष हा शब्दच आवडला नाही. ते म्हणाले, ही घाई न करणारी माशी आहे, हिचं नाव 'निवांत'.

मग वंशपरंपरेची तपासणी आली. निवांतचा परदेशी माशीशी संकर केला आणि त्यांची पोरं तळकप्प्यात ठेवली. पोरंही दुपारी तीनला आली. सर म्हणाले, गुण प्रभावी आहे, एका पिढीत उतरतो. नातवंडं तळकप्प्यात ठेवली, तीही तीनला. गुण फारच प्रभावी होता. आज मागे वळून बघताना मला स्वतःचा कान पिरगाळावासा वाटतो. तळकप्प्यात जे जे ठेवलं ते ते निवांत होत होतं, आणि मी एकदाही कोषांच्या जागा अदलाबदल करून बघितल्या नाहीत. वरचा मजला पाहुण्यांचा, हे एकदा ठरलं ते ठरलं. कपाट तापवता येई, गार करता येत नसे, म्हणून हे काम हिवाळ्यातच चाले. दोन हिवाळे मी हेच केलं, आणि माझा प्रबंध भराभर जाड झाला.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी सरांनी परदेशी पत्र लिहिलं. तिकडच्या एका प्रयोगशाळेला, आमच्याकडे अशी माशी आहे, तिचा जनुक वेगळा काढायला आपण इच्छुक असाल तर पाठवतो. ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं, मग घरी बायकोला दाखवलं, मग पुन्हा माझ्याकडे आणून एक स्वल्पविराम बदलला. फाल्गुनात एका परिषदेत ते निवांतवर बोलणार होते, आणि त्यानंतर पत्र टाकायचं ठरलं.

परिषदेला महिनाभर होता तेव्हाची गोष्ट. रविवारची दुपार. माश्या मोजून झाल्या होत्या आणि मी काकीकडे जेवायला बसले होते. थंडी अजून होती. काकीनं भाकरीबरोबर दही वाढलं, ते पाण्यासारखं ताटभर पळालं. मी तिला चिडवलं. म्हटलं, काकी, शुक्रवारी तुमचं दही सुरीनं कापावं असं असतं आणि रविवारी त्याचं ताक होतं, म्हशीला वार कळतो का?

ती हसली नाही. सरळ सांगितलं, "तुमी हितं असलात का मी कपाट उघडत न्हाई ना. मग थंडीचं लागतच न्हाई."

मी विचारलं, कुठलं कपाट.

"तुमचंच की. उबदार असतंय. तीनची यष्टी गेली का कालचं काढती, आजचं ठेवती. गुरवारी तुमी येनार म्हनून नुस्तं काढती. एकदाच दार उघडती, दोनदा न्हाई. खालच्या फळीला लावती, तुमच्या बाटल्यांना हात लावत न्हाई. फळी पुसून घेती."

मी विचारलं की लाल बॅटरी लावत होता ना. ती म्हणाली, लाल उजेडात दही लागलं का न्हाई ते दिसत नाही, म्हणून खोलीचं दार सताड उघडं ठेवायची. लाईट गेली तर लाल बॅटरी असं सांगितलं होतं. दह्यासाठी तसं कोणी सांगितलं नव्हतं.

माझा आवाज चढला. तुम्हाला ते कपाट उघडायला सांगितलं कोणी, असं मी तिच्याच घरात, तिचंच अन्न ताटात असताना तिला विचारलं.

"सायबांनी," ती म्हणाली. "गेल्या वर्साला दिवाळीच्या मागं ते जेवाय आले व्हते. तुमी हिरीवर बाटल्या धूत व्हता. दही लागत न्हाई म्हनल्यावर तेच बोलले, आमच्या कपाटात ठेवा, पंचवीस डिगरी हाय, बगा कसं लागतंय. सासूबाई नको म्हनत व्हत्या, माश्यांच्यात दूध ठेवू नगं म्हनून. पन सायेब म्हनले म्हनून ठेवलं."

मला तो रविवार आठवला. विहिरीवरून परत आले तेव्हा सर हात पुसत होते आणि उबेचं विज्ञान समजावून सांगत होते. सर जेवल्यावर नेहमीच काहीतरी समजावून सांगत. त्यांच्या दृष्टीनं ते बोलणं तिथेच संपलं असणार. काकीच्या दृष्टीनं ती सूचना होती, आणि तिनं ती तंतोतंत पाळली. दोन हिवाळे, सोमवार ते गुरुवार, तीनची एस.टी. गेली की तळकप्प्यावर मिनिटभर उजेड. बिचाऱ्या माश्यांनी तेवढ्यालाच पहाट मानलं. परदेशी माश्या पडद्याआड होत्या, त्यांना दह्याची खबरच नव्हती. निवांतच्या अंगात कुठलाही गुण नव्हता.

मी काकीला दोन आठवडे कपाटात दही लावू नका म्हणून सांगितलं. तिनं का म्हणून विचारलं नाही. दोन्ही आठवडे तळकप्प्यातल्या माश्या पहाटे बाहेर आल्या, वरच्यांच्या बरोबरीनं, एखाद्या शाळेच्या रांगेसारख्या. त्या घरात दोन आठवडे कोणाला धड दही मिळालं नाही, आणि सासूबाईंनी त्याचा दोष माश्यांना न देता सुनेला दिला.

आता सरांना सांगणं आलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. परिषद होती, टाळ्या झाल्या असत्या. पण तिकडच्या प्रयोगशाळेत दही लावत नाहीत, आणि निवांत तिकडे पोचताच पहाटे उठली असती. त्यामुळे मी सांगायचं ठरवलं, आणि त्या धैर्याबद्दल मी स्वतःची पाठ बरीच वर्षं थोपटत आले.

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले. ते परिषदेचा आलेख शाईनं गिरवत होते. मी सगळं सांगितलं. दही, तीनची एस.टी., उघडं दार, दोन आठवड्यांच्या पहाटा. त्यांनी लेखणीचं टोपण लावलं, आलेख उलटा करून ठेवला आणि टेबलाच्या खणातलं ते पत्र काढून त्याच्या चार चिंध्या केल्या. त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसायला लागला. मला रडू येत होतं आणि त्यांना ते दिसू नये म्हणून मी खिडकीकडे बघत होते. बाहेर नव्या इमारतीचा स्लॅब ओतत होते.

मग त्यांनी विचारलं, "कपाटात दही ठेवायला तिला परवानगी कोणी दिली?"

त्यांना आठवत नव्हतं. खरोखर आठवत नव्हतं, एवढं मी त्यांना ओळखत होते. मी खरं बोलले असते तर काय झालं असतं तेही मला ठाऊक होतं. प्रयोगात बाहेरच्या कोणाची ढवळाढवळ झाली, तर तो अपघात. त्यातून उरेल ते वाचवता येतं. पण खुद्द मार्गदर्शकानंच कपाट उघडायला सांगितलं असेल, तर सरांसारखा माणूस दोन हिवाळ्यांच्या सगळ्या वह्यांवर लाल रेघ मारणार. माझ्या पानांवरही. पाचवं वर्ष मला मिळणार नव्हतंच. बँकेची परीक्षा मात्र देता आली असती.

मी म्हटलं, "कोणी नाही सर. तिनं आपल्या मनानंच ठेवलं."

सरांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे आपल्याकडून चूक झाली नाही," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले की खेड्यातली बाई, तिला काय कल्पना, तिला रागावू नकोस. मी म्हटलं, नाही रागावणार. सरांचं मन वाचवलं असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. मी माझा प्रबंध वाचवला होता.

आणि तो खरंच वाचला. सर मोठे शास्त्रज्ञ नसतील, पण उमेद न सोडणारे होते. आठवड्याभरात त्यांनीच मार्ग काढला. माशीच्या घड्याळाला दिवसातून मिनिटभराचा अंधूक उजेड पुरतो, हे तर आपल्याला दिसलंच की. किती अंधूक पुरतो, किती सेकंद पुरतात, कोषाच्या कुठल्या दिवशी पुरतात, हे मोजा. मी मोजलं, टाइमर आणि छोटा दिवा लावून, पुण्यात नव्या इमारतीत. जनुक बाजूला राहिला, पण काम नीट झालं. प्रबंधाच्या सुरुवातीला हा प्रश्न कसा सुचला ते लिहावं लागतं. तिथे मी इंग्रजीत एक छापील वाक्य लिहिलं, ज्याचा अर्थ असा की स्थानिक, अप्रशिक्षित व्यक्तीच्या अनवधानामुळे कपाट रोज ठरावीक वेळी उघडलं गेलं. परीक्षकांना ते वाक्य फार आवडलं. एकजण हसलासुद्धा. डॉक्टर म्हणून माझी कारकीर्द त्या हशावर सुरू झाली.

पण त्याआधी, त्याच उन्हाळ्यात, आम्हाला कासार आंबोलीहून कपाट हलवायचं होतं. टेम्पो ठरवला होता. सर त्यांच्या स्कूटरवरून स्वतः आले. मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही कशाला उन्हात. पण ते म्हणाले, त्या बाईच्या मनाला उगीच लागून राहायला नको, मी स्वतः दोन शब्द बोलतो. मी काय म्हणणार होते?

अंगणात काकीचा नवरा टेम्पोवाल्याला दोरी देत होता. सासूबाई ओट्यावर. काकी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सरांनी पाणी घेतलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, फार प्रेमळ आवाजात तिला सांगितलं की झालं ते झालं, मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला काय ठाऊक आमच्या प्रयोगाचं. कपाटात दही ठेवलं म्हणून आमचं दोन वर्षांचं काम वाया गेलं खरं, पण तुम्ही ते मुद्दाम केलं नाही, हे मला माहीत आहे.

काकीनं सरांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग माझ्याकडे. मी बाटल्या पेटीत भरत होते आणि प्रत्येक बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळण्यात मला इतकं काम होतं की मान वर करायला फुरसत नव्हती. तिला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. नवरा दोरी हातात धरून तिच्याकडे बघत होता.

"चुकलं सायेब," ती म्हणाली.

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "मी सांगतच व्हते. माश्यांच्यात दूध ठेवती म्हनून. ऐकंल तर ना." नवऱ्यानं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि दोरी आवळली. सर तिला पुन्हा एकदा, असू दे, असू दे, म्हणाले आणि स्कूटरकडे गेले. जाताना ते हलके झाल्यासारखे दिसले. एखाद्याला माफ करून आलेला माणूस जसा दिसतो, तसे.

टेम्पो गेल्यावर राहिलेल्या पेट्या घ्यायला मी खोलीत गेले. काकी तिथे केर काढत होती. मला लाज वाटत होती, अजून वाटते. मी म्हटलं, काकी, मी सरांना सांगणार होते. हेही खोटंच होतं.

ती केर काढायची थांबली नाही. "ऱ्हाऊ द्या ताई," ती म्हणाली. "आमाला काय, चुकलं म्हनलं का मिटतंय. सायबास्नी तसं म्हनता येत न्हाई."

केर दाराशी ओढत तिनं विचारलं, "तुमची परीक्षा तर न्हाई ना बुडाली ह्याच्यात?"

"नाही काकी. होईल मी पास."

"मग बरं," ती म्हणाली, आणि कपाटाच्या जागेवरची धूळ सुपलीत भरायला वाकली.